गायब हेडरचा माग : जुना संच नव्या डेबियनवर कंपाइल करताना

मोजमापाच्या नोंदी साठवून त्यांचे आलेख काढणारा एक जुना मुक्तस्रोत संच आम्ही बरीच वर्षे वापरतो आहोत. तो कुठल्याच डिस्ट्रिब्युशनच्या भांडारात नाही, त्यामुळे मशीन बदलले की सोर्सपासून बांधावा लागतो. या वेळचे मशीन डेबियन १३ वर आहे, म्हणजे जीसीसी १४ हा कंपायलर आणि जीलिबसी २.४१ ही सी लायब्ररी. संचाचे चार भाग: सीमध्ये लिहिलेला गाभा, आरपीसीवर (दुसऱ्या प्रोग्रॅममधले फंक्शन नेटवर्कवरून चालवण्याची पद्धत) चालणारा सर्व्हर, सी++ मधला आलेखांचा भाग आणि पायथन ३.११ साठीचे एक्स्टेन्शन.

जवळजवळ सगळा वेळ एकाच जातीच्या एररने खाल्ला: ‘फेटल एरर: अमुक.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. अमुक.एच म्हणजे हेडर, लायब्ररीत कोणती फंक्शने आहेत ते कंपायलरला सांगणारी फाइल. संदेश दर वेळी हाच, कारण मात्र वेगळे. हाच किंवा असाच एखादा संच बांधणाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून नोंदी ठेवल्या. आज्ञा आणि फाइलींची नावे इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर ती रोमनमध्ये टंकायची. ‘-आय’ असे जिथे लिहिले आहे तिथे कॅपिटल आय समजावा.

६ ऑक्टोबर २०२५

मशीनवर कंपायलरच नव्हता. बिल्ड-इसेन्शियल इन्स्टॉल केले. त्यात जीसीसी, जी++, मेक आणि सी लायब्ररीची स्वतःची हेडर येतात. ‘एसटीडीआयओ.एच सापडले नाही’ अशी एरर दिसली तर आधी हेच पाहावे. अल्पाइनवर नुसते जीसीसी इन्स्टॉल केले तर नेमके हेच होते, तिथे एमयूएसएल-डेव्ह वेगळे लागते.

कॉन्फिगर (मशीनवर काय आहे, काय नाही ते तपासणारी स्क्रिप्ट) पार पडले, मेक (प्रत्यक्ष बांधणी करणारी आज्ञा) चालवले आणि पहिलीच एरर झेडलिब.एच नाही अशी. ‘एलडीकॉन्फिग -पी’ ने पाहिले तर लिबझेड.एसओ.१ मशीनवर हजर. ‘लायब्ररी तर आहे, मग हा नाही का म्हणतो?’ हा प्रश्न इथे प्रत्येकाला पडतो. तयार प्रोग्रॅम चालायला जे लागते ते एका पॅकेजमध्ये असते, नवा प्रोग्रॅम बांधायला जे लागते ते दुसऱ्या. हेडर, पीकेजी-कॉन्फिगची (लायब्ररीचे पत्ते सांगणारे साधन) .पीसी फाइल आणि कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरला लागणारी आकड्याविना लिबझेड.एसओ ही जोडफाइल, हे सगळे दुसऱ्यात. डेबियन-उबुंटूवर त्याच्या नावाला ‘-डेव्ह’ लागते, फेडोरा आणि ओपनसुसेवर ‘-डेव्हेल’. आर्चवर अशी फोड नाही, हेडर मूळ पॅकेजातच येतात. म्हणून आर्चवर लिहिलेल्या सूचना डेबियनवर जशाच्या तशा चालत नाहीत.

पॅकेजचे नाव अंदाजाने शोधू नये. झेडलिबचे डेव्ह पॅकेज ‘झेडलिब१जी-डेव्ह’ आहे, ओपनएसएसएलचे ‘लिबएसएसएल-डेव्ह’, कर्सेस.एच येते ‘लिबएनकर्सेस-डेव्ह’ मधून. यात नियम म्हणावा असा नियम नाही. नावाऐवजी फाइलीवरून शोधावे: एपीटी-फाइल इन्स्टॉल करून ‘एपीटी-फाइल अपडेट’, मग ‘एपीटी-फाइल सर्च’ पुढे हेडरचे नाव. फेडोरावर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ आणि अवतरणात ‘*/झेडलिब.एच’. आर्चवर ‘पॅकमॅन -एफवाय’ करून ‘पॅकमॅन -एफ’ (दोन्हीकडे एफ कॅपिटल). उत्तरात ढीगभर ओळी येतात, कारण कितीतरी पॅकेजे दुसऱ्याची हेडर आपल्या पोटात बाळगतात. त्यातली थेट /यूएसआर/इन्क्लूड/ मध्ये बसणारी ओळ तेवढी घ्यावी. एररमध्ये नाव ‘ओपनएसएसएल/एसएसएल.एच’ असे फोल्डरसकट असेल तर शोधतानाही फोल्डरसकटच द्यावे, नुसत्या शेवटच्या नावाने भलतेच काही हाती लागते.

७ ऑक्टोबर

एक हेडर मिळवा, मेक चालवा, पुढच्या हेडरवर अडका: या चालीने दिवस संपतो. ‘मेक -के’ दिले की एक फाइल अडली तरी मेक बाकीच्या फाइली कंपाइल करत राहतो. सगळा मजकूर लॉगमध्ये घेतला, ‘नो सच फाइल’ असलेल्या ओळी ग्रेपने वेगळ्या काढल्या आणि सॉर्ट -यू केले. गाभ्याला लागणारी जवळपास सगळी गायब हेडर एका यादीत आली: रीडलाइन/रीडलाइन.एच, कर्सेस.एच, ओपनएसएसएल/ईव्हीपी.एच, लिबएक्सएमएल/पार्सर.एच, जीलिब.एच (जीलिब ही वेगळी लायब्ररी, जीलिबसी नव्हे). ‘जवळपास’ म्हणते, कारण सापडलेल्या हेडरच्या आत आणखी एखादे गायब हेडर असू शकते आणि ते आत्ता दिसत नाही.

प्रोग्रॅम भांडारात असता तर ‘एपीटी बिल्ड-डेप’ ने त्याची सगळी डेव्ह पॅकेजे एका फटक्यात आणली असती. त्यासाठी एपीटीच्या स्रोत यादीत सोर्स पॅकेजांची नोंद चालू असावी लागते, नाहीतर ती आज्ञा लगेच हात वर करते.

यादीतली पॅकेजे इन्स्टॉल केली. रीडलाइन, कर्सेस आणि ओपनएसएसएलच्या एरर गेल्या. लिबएक्सएमएल आणि जीलिबच्या तशाच राहिल्या.

८ ऑक्टोबर

लिबएक्सएमएल२-डेव्ह इन्स्टॉल झालेले, आणि कंपायलर म्हणतो लिबएक्सएमएल/पार्सर.एच नाही. ‘डीपीकेजी -एल’ ने (इथे कॅपिटल एल) पॅकेजमधल्या फाइलींची यादी पाहिली. फाइल आहे /यूएसआर/इन्क्लूड/लिबएक्सएमएल२/लिबएक्सएमएल/पार्सर.एच या जागी. मधे एक जादा फोल्डर आहे आणि कंपायलर आपणहून त्यात शिरत नाही.

कंपायलर नेमका कुठे कुठे पाहतो हे त्यालाच विचारता येते. ‘जीसीसी -ई -व्ही -एक्स सी /डेव्ह/नल’ चालवले (ई कॅपिटल) की ‘सर्च स्टार्ट्स हिअर’ या ओळीखाली फोल्डर क्रमाने छापून येतात. माझ्याकडे आधी जीसीसीचे स्वतःचे इन्क्लूड, मग /यूएसआर/लोकल/इन्क्लूड, मग /यूएसआर/इन्क्लूड/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू, शेवटी /यूएसआर/इन्क्लूड. तो क्रम लिहून ठेवला आणि पुढे फार कामी आला.

या अडचणीवर एक उपाय सगळीकडे सुचवलेला दिसतो: /यूएसआर/इन्क्लूड मध्ये लिबएक्सएमएल नावाची सिमलिंक (खऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी नोंद) करून टाका. मी तो केला नाही आणि कोणी करू नये असे मनापासून वाटते. पॅकेज मॅनेजरच्या ताब्यातल्या फोल्डरमध्ये हाताने घातलेली ही लिंक कोणत्याच नोंदीत राहत नाही. पुढच्या मशीनवर ती नसते, आणि आधीच्या मशीनवर संच कसा काय बांधला गेला होता याचे उत्तर कोणाकडेच नसते.

दुसरा तात्पुरता उपाय म्हणजे मेकफाइलमध्ये हाताने -आय /यूएसआर/इन्क्लूड/लिबएक्सएमएल२ लिहिणे. लिबएक्सएमएलपुरता तो चालतो, जीलिबला तोच पुरत नाही. जीलिब-२.० चे फोल्डर -आय ने दिले की जीलिब.एच सापडते आणि पुढच्याच क्षणी जीलिबकॉन्फिग.एच नाही म्हणून एरर येते. कारण हे दुसरे हेडर मशीनच्या जातीप्रमाणे बदलते, म्हणून ते /यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू/जीलिब-२.०/इन्क्लूड मध्ये ठेवलेले असते. हेडर ‘लिब’ फोल्डरमध्ये असेल असे कोणाच्या मनात येणार? आलेखांच्या भागात फ्रीटाइपचीही अशीच तऱ्हा आहे. सोर्समध्ये ‘फ्रीटाइप२/एफटी२बिल्ड.एच’ असे लिहून पहिली एरर घालवता येते, पण त्या हेडरच्या आतून मागितलेले फ्रीटाइप/कॉन्फिग/एफटीहेडर.एच मग सापडत नाही.

पत्ते पाठ करण्याची गरज नाही. ‘पीकेजी-कॉन्फिग --सीफ्लॅग्ज लिबएक्सएमएल-२.० जीलिब-२.०’ ही आज्ञा लागणारे सगळे -आय छापून देते. गाभ्याच्या कॉन्फिगर.एसीमध्ये (कॉन्फिगर स्क्रिप्ट जिच्यातून बनते ती फाइल) पीकेजी_चेक_मॉड्यूल्स घालून हेच फ्लॅग मेकफाइलमध्ये पोचवले. पीकेजी-कॉन्फिगला द्यायचे नाव पॅकेजचे नसते, .पीसी फाइलीचे असते, म्हणून ‘लिबएक्सएमएल२’ नाही तर ‘लिबएक्सएमएल-२.०’. शंका असली तर ‘पीकेजी-कॉन्फिग --लिस्ट-ऑल’ मध्ये ग्रेप करावे.

९ ऑक्टोबर

गाभ्याच्या सगळ्या फाइली कंपाइल झाल्या आणि लिंकर अडला: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसएसएल_लायब्ररी_इनिट’. ही हेडरची एरर नाही असे मानून लिंकरचे फ्लॅग, लायब्ररींचा क्रम, लिबएसएसएलची जोडफाइल, सगळे उलटेपालटे करून पाहिले. अख्खी सकाळ त्यात गेली.

दोष हेडरचाच होता, फक्त ते गायब नव्हते, चुकीचे सापडत होते. ‘जीसीसी -एच’ (एच कॅपिटल) दिले की कोणते हेडर कुठल्या पूर्ण पत्त्यावरून उचलले ते झाडासारखे छापले जाते. त्यात ओपनएसएसएल/एसएसएल.एच चा पत्ता निघाला /यूएसआर/लोकल/इन्क्लूड. जुन्या मशीनवरच्या स्क्रिप्ट लागतात म्हणून तिथले अख्खे /यूएसआर/लोकल या मशीनवर उतरवलेले होते, आणि त्यात ओपनएसएसएल १.०.२ ची हेडर आली होती. शोधाच्या क्रमात /यूएसआर/लोकल/इन्क्लूड आधी येते. हेडर १.०.२ ची, लायब्ररी ३ ची. १.०.२ मध्ये एसएसएल_लायब्ररी_इनिट खरे फंक्शन होते. १.१.० पासून ते केवळ मॅक्रो उरले आहे आणि आतून दुसऱ्याच फंक्शनला हाक मारते. जुन्या हेडरने फंक्शन मागितले, नव्या लायब्ररीत ते नव्हते.

जुनी हेडर तिथून हलवली, ‘मेक क्लीन’ केले, गाभा लिंक झाला. ‘मेक क्लीन’ विसरू नये, जुन्या हेडरवर बनलेल्या .ओ फाइली मेकला ताज्याच वाटू शकतात.

सीपाथ आणि सी_इन्क्लूड_पाथ या दोन व्हेरिएबलांमुळेही असेच घडू शकते. कोणी शेलच्या फाइलीत ती कायमची लिहून ठेवली असतील तर प्रत्येक कंपाइलमध्ये ते फोल्डर गुपचूप पुढे येते. काम सुरू करण्याआधी ‘एन्व्ह’ मध्ये ती नाहीत ना हे पाहून घ्यावे.

१० ऑक्टोबर

आरपीसी सर्व्हरचा कॉन्फिगर म्हणतो: ‘चेकिंग फॉर वर्किंग झेडलिब... नो’. याच झेडलिबवर गाभा काल बांधून झाला आहे.

अशा वेळी पडद्यावरची ओळ निरुपयोगी असते. खरे उत्तर कॉन्फिग.लॉग मध्ये. कॉन्फिगर स्क्रिप्ट प्रत्येक प्रश्नासाठी एक छोटा सी प्रोग्रॅम लिहिते, तो कंपाइल करते, आणि तो अडला की ‘नो’ छापून पुढे जाते. कशामुळे अडला याच्याशी तिला कर्तव्य नसते. लॉगमध्ये तो प्रोग्रॅम आणि कंपायलरचा पूर्ण संदेश असतो. ‘वर्किंग झेडलिब’ शोधून वाचले. प्रोग्रॅमची सुरुवात नुसत्या ‘मेन()’ ने, आधी ‘इंट’ नाही. शेवटी ‘एक्झिट(०)’, पण एसटीडीलिब.एच घेतलेले नाही. झेडलिब.एच ची ओळ बिनतक्रार पार झाली होती, एरर होती ती या दोन गोष्टींची.

जीसीसी १३ पर्यंत अशा सैल सी कोडवर फक्त वॉर्निंग यायची. मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ ने जाहीर न केलेले फंक्शन वापरणे आणि प्रकार न लिहिणे या दोन्हीला एरर केले. जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टांवर याचा परिणाम फार वाईट होतो, कारण त्या तुटत नाहीत. त्या चुकीचे उत्तर देतात आणि पुढे चालतात. इथे झेडलिब ‘सक्तीचे’ होते म्हणून गाडी थांबली. ऐच्छिक असते तर डेटा आकुंचनाची (कॉम्प्रेशनची) सोय नसलेला सर्व्हर तयार झाला असता आणि कुणाच्या लक्षातही आले नसते. म्हणून आता नवा कंपायलर आला की कॉन्फिगरच्या सगळ्या ‘नो’ ओळी जुन्या मशीनवरच्या लॉगशी ताडून पाहते. जुन्या बिल्डचा लॉग जपून ठेवावा तो यासाठी.

दुरुस्ती: कॉन्फिगर.एसी मधल्या त्या चाचणीत ‘इंट मेन(व्हॉइड)’ लिहिले, एसटीडीलिब.एच घातले आणि ‘ऑटोरीकॉन्फ -एफआय’ चालवून कॉन्फिगर नव्याने बनवले. नुसते ऑटोरीकॉन्फ करून भागत नाही. त्याने ऑटोकॉन्फच्या स्वतःच्या चाचण्या सुधारतात, प्रकल्पाच्या लेखकाने हाताने लिहिलेल्या सुधारत नाहीत. घाईचे असेल तर सीफ्लॅग्जमध्ये ‘-एसटीडी=जीएनयू८९’ देऊन जुनी सैल वागणूक परत मिळते. खात्री करायला तो फ्लॅग एकदा देऊन पाहिला, ‘येस’ आले, मग काढून टाकला.

याच कंपायलरमुळे सर्व्हरच्या सोर्समध्येही ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन’ च्या एरर आल्या. या एररमध्ये हेडरचे नाव येत नाही, तरी आजार हेडरचाच: फाइलीत स्ट्रिंग.एच घेतलेलेच नाही. एसटीआरएलईएन सारख्या परिचित फंक्शनसाठी जीसीसी खाली कोणते हेडर घालायचे ते सांगतो. बाकीच्यांसाठी ‘मॅन’ पान उघडावे, सिनॉप्सिसमध्ये हेडर पहिल्याच ओळीत असते.

१३ ऑक्टोबर

सर्व्हरची पुढची एरर: आरपीसी/आरपीसी.एच नाही. पूर्वी हे हेडर जीलिबसी स्वतः देत असे. २०१७ च्या जीलिबसी २.२६ पासून ते डीफॉल्ट बिल्डमधून गेले आणि २०२० च्या २.३२ मध्ये तो कोडच काढून टाकला. आता तेच काम लिबटीआयआरपीसी करते आणि तिची हेडर /यूएसआर/इन्क्लूड/टीआयआरपीसी खाली असतात. पीकेजी-कॉन्फिग लिबटीआयआरपीसी कडून --सीफ्लॅग्ज आणि --लिब्ज दोन्ही घेतले. दुसरे विसरले तर कंपाइल होते आणि लिंक अडते.

लगोलग सिस/सिसीटीएल.एच. हेही २.३२ मध्येच गेले. याला पर्यायी पॅकेज शोधत बसू नये, तसे पॅकेज नाही. सर्व्हरमध्ये ते फक्त प्रोसेसरची संख्या विचारायला घेतले होते आणि ती ओळ बीएसडीसाठी लिहिलेली होती. लिनक्ससाठी सिसकॉन्फ हे फंक्शन वापरले आणि हेडरची ओळ बीएसडीच्या इफडेफमध्ये (फक्त त्या सिस्टिमवर कंपाइल होणारा भाग) ढकलली.

अशीच आणखी दोन सापडली. एक्सलोकेल.एच २.२६ मध्ये गेले, त्याच्या जागी लोकेल.एच चालते. आणि मेजर, मायनर ही मॅक्रो २.२८ पासून सिस/टाइप्स.एच मधून मिळत नाहीत, सिस/सिसमॅक्रोज.एच वेगळे घ्यावे लागते. एपीटी-फाइलला थेट /यूएसआर/इन्क्लूड/ मधली एकही ओळ मिळाली नाही, की पॅकेज शोधणे थांबवावे आणि हे हेडर कधी काढले हे शोधायला लागावे. या एका नियमाने आजचा दिवस वाचला.

१४ ऑक्टोबर

आलेखांचा भाग, सी++. पहिल्या फाइलीत ‘यूइंट३२_टी डझ नॉट नेम अ टाइप’ आणि त्याखाली शेकड्यांनी एरर. खालच्या सगळ्या पहिलीतून जन्मलेल्या, त्या वाचू नयेत. जीसीसी १३ पासून सी++ च्या प्रमाण लायब्ररीची हेडर एकमेकांना पूर्वीइतकी ओढून आणत नाहीत. आधी स्ट्रिंग घेतले की सीएसटीडीइंट आपोआप यायचे, आता स्वतः मागावे लागते. ज्या ज्या फाइलीत तो प्रकार वापरला आहे तिथे इन्क्लूड सीएसटीडीइंट घातले. सगळ्या बिल्डला ‘-इन्क्लूड सीएसटीडीइंट’ हा एकच फ्लॅग देऊनही काम होते, पण मग दोष सोर्समध्ये तसाच राहतो आणि मूळ प्रकल्पाला पॅच पाठवता येत नाही.

हा भाग सीमेकवर (कॉन्फिगरच्या जागी वापरायचे दुसरे साधन) आहे. फ्रीटाइपचे डेव्ह पॅकेज इन्स्टॉल करूनही सीमेक ‘नॉटफाउंड’ म्हणत राहिला. सीमेक आधीच्या तपासण्यांची उत्तरे सीमेककॅशे.टीएक्सटी मध्ये साठवतो. बिल्ड फोल्डर पुसले, नव्याने चालवले, लगेच सापडले. पॅकेज इन्स्टॉल केल्यावर सीमेकसाठी बिल्ड फोल्डर नवेच घ्यावे.

१५ ऑक्टोबर

गाभा टारबॉलऐवजी (प्रकाशित आवृत्तीचा तयार गठ्ठा) गिटमधून घेतला, कारण पॅच पाठवायचे आहेत. आता दोन नवी गायब हेडर. दोन्हींसाठी पॅकेज नाही, कारण दोन्ही प्रकल्पाचीच.

पहिले एका सबमॉड्यूलमधले (प्रकल्पात जोडलेले दुसरे गिट भांडार). नुसत्या क्लोनने सबमॉड्यूलचे फोल्डर रिकामे येते. ‘गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह’ ने भरले. संकेतस्थळावर आपोआप बनणाऱ्या सोर्सच्या झिपमध्येही सबमॉड्यूल नसतात, तिथे हाच प्रश्न येतो आणि ही आज्ञा चालत नाही, कारण ते गिटचे फोल्डरच नसते.

दुसरे पार्सर.टॅब.एच. हे बायसन (पार्सरचा कोड बनवणारे साधन) कंपाइलच्या वेळी तयार करते. टारबॉलमध्ये लेखकांनी ते तयार करूनच ठेवलेले असते, म्हणून आधी त्रास झाला नाही. बायसन इन्स्टॉल केले. एरर कधी येते, कधी येत नाही. ‘मेक -जे८’ ला (एका वेळी आठ कामे) अडते, पुन्हा चालवले की पार होते. ‘मेक -जे१’ ला कधीच अडत नाही. असा लहरीपणा दिसला की समजावे, हेडर बनायच्या आधीच ते मागणारी फाइल दुसऱ्या कामगाराने कंपाइलला घेतली. ‘पुन्हा चालवा, होते’ ही सूचना अनेक रीडमीमध्ये असते, ती दुरुस्ती नव्हे. मेकफाइलमध्ये लेक्सर.ओ पुढे पार्सर.टॅब.एच हे अवलंबित्व लिहिले. एका ओळीचा बदल. पॅच म्हणून पाठवला.

१६ ऑक्टोबर

पायथन ३.११ सोर्समधून. कॉन्फिगर झाले, मेक झाले, एरर एकही नाही, आणि तरी गायब हेडरचा सगळ्यात घातक नमुना इथेच आहे. मेकच्या शेवटी, पुढच्या मजकुरात हरवून जाईल अशा जागी, ‘द नेसेसरी बिट्स टू बिल्ड दीज ऑप्शनल मॉड्यूल्स वेअर नॉट फाउंड’ आणि खाली _बीझेड२, _डीबीएम, _एलझेडएमए, _एसक्यूलाइट३, _टीकिंटर, _यूयूआयडी अशी नावे. या मॉड्यूलांची हेडर मिळाली नाहीत, म्हणून ती सोडून पायथन तयार झाला. इन्स्टॉल होतो, चालतो, आणि केव्हातरी कुणीतरी ‘इम्पोर्ट एसक्यूलाइट३’ लिहितो तेव्हा फुटतो. तोवर कंपाइल केलेला माणूस दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

लिबबीझेड२-डेव्ह, लिबएलझेडएमए-डेव्ह, लिबएसक्यूलाइट३-डेव्ह, लिबजीडीबीएम-डेव्ह, लिबजीडीबीएम-कम्पॅट-डेव्ह, लिबएफएफआय-डेव्ह, टीके-डेव्ह, यूयूआयडी-डेव्ह इन्स्टॉल केली. कॉन्फिगरपासून पुन्हा. यादी रिकामी झाल्यावरच ‘मेक इन्स्टॉल’. वर एक छोटी स्क्रिप्ट ठेवली, जी ही सगळी मॉड्यूल एकामागोमाग इम्पोर्ट करते आणि एक जरी फुटले तरी बिल्ड पाडते.

मग आमचे एक्स्टेन्शन, आणि पायथन.एच नाही. इथे पायथन३-डेव्ह इन्स्टॉल करण्याचा मोह आवरावा. डेबियन १३ वर त्यातून ३.१३ ची हेडर येतात. तीही सापडतात आणि कंपाइलही होऊ शकते, पण ३.११ च्या इंटरप्रिटरसाठी ३.१३ च्या हेडरवर बांधलेले एक्स्टेन्शन कशाच्याही भरवशावर नाही. आपण बांधलेल्या पायथनची हेडर त्याच्याच प्रिफिक्समध्ये इन्क्लूड/पायथन३.११ खाली असतात. ‘पायथन३.११-कॉन्फिग --इन्क्लूड्स’ ने तो पत्ता घेतला.

१७ ऑक्टोबर

चारही भाग तयार, ‘मेक चेक’ पास. पॅकेजांची यादी लिहून कोऱ्या डेबियन १३ कंटेनरमध्ये (मशीनपासून वेगळे ठेवलेले वातावरण) फक्त तेवढीच इन्स्टॉल केली आणि पहिल्यापासून बांधायला घेतले. गाभाच अडला: यूयूआयडी/यूयूआयडी.एच नाही.

माझ्या मशीनवर गाभा आधी टारबॉलमधून बांधला तेव्हा हे का आले नाही ते तपासले. टारबॉलमधल्या आवृत्तीत नोंदींना साधे अनुक्रमांक आहेत, गिटमधल्या नव्या कोडात यूयूआयडी (कधीच न जुळणारा लांब ओळखक्रमांक) आहे. गिटमधला गाभा १५ तारखेला पार्सरच्या फाइलींपुरताच बांधून पाहिला होता आणि पूर्ण बांधला तो पायथननंतर, तोवर यूयूआयडी-डेव्ह पायथनसाठी येऊन बसले होते. गरज गाभ्याची, पॅकेज आले दुसऱ्याच्या नावाने. कामाच्या मशीनवर ही उणीव कधीच दिसली नसती. गाभ्याच्या कॉन्फिगर.एसीमध्ये यूयूआयडीसाठी पीकेजी_चेक_मॉड्यूल्स घातले, आता हेडर नसेल तर कॉन्फिगरच थांबतो आणि नाव सांगतो.

त्यानंतर फेडोराचा कंटेनर. पॅकेजांची नावे सगळी वेगळी, पण तिथे ‘डीएनएफ इन्स्टॉल’ पुढे अवतरणात ‘पीकेजीकॉन्फिग(यूयूआयडी)’, ‘पीकेजीकॉन्फिग(झेडलिब)’ असे लिहिले तरी नेमके पॅकेज येते. कॉन्फिगर.एसीमध्ये जी नावे आहेत तीच इथे चालतात, म्हणून फेडोरासाठीची यादी तशीच लिहून रीडमीत टाकली. ज्यांना .पीसी फाइल नाही त्यांच्यापुरते पॅकेजचे नाव दिले.

दोन्ही कंटेनरमध्ये गाभा, आलेख आणि एक्स्टेन्शनच्या चाचण्या पास आहेत. सर्व्हरच्या चाचण्यांना आरपीसीबाइंड (आरपीसी सेवा कुठे आहेत ते सांगणारा प्रोग्रॅम) चालू लागतो, कंटेनरमध्ये तो नाही, म्हणून त्या मशीनवरच चालवल्या. सर्व्हरचे पॅच अजून मूळ प्रकल्पात गेलेले नाहीत. ते जाईपर्यंत रीडमीशेजारी पॅचेस या फोल्डरमध्ये ठेवले आहेत, लावण्याच्या क्रमाने आकडे घालून.